‘आपल्या जनावरांना लस लागत नाही’: एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

पशुपालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव त्यात नाही, शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ एवढं मात्र आहे. मजकुराचा सारांश असा: स्थानिक जातीच्या जनावरांत उपजत प्रतिकारशक्ती असते, त्यांना लस लागत नाही. लस टोचलेली जनावरंही आजारी पडतात, म्हणजे लस निरुपयोगी. उलट लसीने दूध आटतं आणि गाभण जनावरं गाभडतात. वासराला सगळी ताकद आईकडूनच मिळते. एकदा रोग होऊन गेला की जनावर जन्मभरासाठी पक्कं होतं, त्यामुळे साथ येऊ द्यावी. आणि वेळ आलीच तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन आहेच.

मेसेज पसरतो याचं कारण उघड आहे. यातल्या बहुतेक वाक्यांच्या मुळाशी काही तरी खरं आहे आणि ते प्रत्येकाने आपल्या गोठ्यात पाहिलेलं असतं. जनावरांच्या रक्तजलात कोणत्या रोगाविरुद्ध किती अँटिबॉडी (जंतूला ओळखून बांधणारी प्रथिनं) आहेत हे मोजण्याचं काम करताना मला एक सवय लागली आहे. कोणी ‘प्रतिकारशक्ती’ म्हटलं की लगेच विचारायचं: कशाविरुद्ध? त्या जंतूच्या कोणत्या प्रकाराविरुद्ध? किती काळ? मेसेज हे तीनही प्रश्न टाळतो.

‘स्थानिक जनावरांना उपजत प्रतिकारशक्ती असते’

असते. काही रोगांविरुद्ध नक्कीच असते, आणि त्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. हायलोमा जातीच्या गोचिडांमधून पसरणारा थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी घ्या. तो जनावराच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्या पेशींना कर्करोगासारखं बेसुमार वाढायला लावतो. साहिवाल या आपल्याकडच्या आणि होल्स्टीन या विदेशी जातीच्या वासरांना याचा सारखाच संसर्ग प्रयोगात दिला, तेव्हा लागण दोघांनाही झाली. पण साहिवाल वासरांचा ताप कमी राहिला, परजीवींची संख्या कमी राहिली आणि आजार सौम्य गेला. पुढे दोन्ही जातींच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, तपासल्या गेल्या. संशोधकांचा रोख असा आहे की होल्स्टीनच्या पेशी संसर्गाला जास्त भडकून उत्तर देतात आणि तो भडकाच जनावराला खाली पाडतो. म्हणजे साहिवालचं शरीर ‘जास्त लढतं’ असं म्हणण्यापेक्षा ते बेताने लढतं, असं म्हणणं सत्याच्या जवळ जाईल. पश्चिम आफ्रिकेतली एन्डामा ही गुरांची जातही अशीच. त्सेत्से माशीतून येणारा ट्रिपॅनोसोमा हा परजीवी अंगात असूनही ती तग धरते, दुसऱ्या जातींची गुरं त्याच भागात पंडुरोगाने खंगून मरतात.

पण हे गुण कुठून आले? पिढ्यानपिढ्या त्या एका रोगाने कमकुवत जनावरं मारली आणि उरलेल्यांची पैदास झाली. थायलेरियाविरुद्ध मिळालेला वारसा थायलेरियापुरताच असतो, तो घटसर्पाला (जनावरांचा घसा सुजवणारा जिवाणूंचा रोग) उपयोगी पडत नाही.

याचा सगळ्यात भीषण पुरावा बुळकांडीने, म्हणजे रिंडरपेस्ट या गुरांच्या विषाणूरोगाने दिला. १८८७च्या सुमारास हा विषाणू बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या ईशान्य टोकावर उतरला आणि १८९७पर्यंत खंडाच्या दक्षिण टोकाला पोहोचला. वाटेतल्या कित्येक प्रदेशांत ८० ते ९० टक्के गुरं मेली. ही गुरं काही नाजूक विदेशी नव्हती. ऊन, दुष्काळ, गोचीड, माश्या पचवलेली, शेकडो पिढ्या तिथेच वाढलेली काटक जनावरं होती ती. माणसाने कधी गोठ्यात न बांधलेले रानम्हशींचे कळपही त्याच रोगाने गेले. मेसेजच्या हिशेबाने त्यांची प्रतिकारशक्ती सर्वात शुद्ध असायला हवी होती. अडचण एवढीच होती की या विषाणूशी त्यांच्या पूर्वजांची कधी गाठ पडली नव्हती.

लाळ्या खुरकुताची गोष्ट आणखी वेगळी आहे. स्थानिक जातींत त्याच्या जखमा बऱ्याचदा सौम्य असतात, हे खरं. जनावर दोन दिवस लाळ गाळतं, थोडं लंगडतं आणि चरायला लागतं. पण तेवढ्या दिवसांत ते श्वासातून, लाळेतून, दुधातून विषाणू सोडतच असतं. मालकाच्या लक्षातही न येणारं असं जनावर बाजारात जातं, पाणवठ्यावर जातं. साथीच्या नजरेने पाहिलं तर ठार आडवं झालेल्या जनावरापेक्षा हे जास्त घातक. आणि काळपुळी (अँथ्रॅक्स), घटसर्प, फऱ्या यांच्यासमोर जातीचा मोठेपणा फारसा टिकत नाही. घटसर्पात तर गाईपेक्षा म्हैस जास्त लवकर दगावते, मग ती कितीही स्थानिक असो.

‘लस टोचूनही जनावरं आजारी पडली, म्हणजे लस खोटी’

या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तक्रार खरी असते आणि तिची उत्तरं एकाहून अधिक असतात.

आधी साधा हिशेब करू. समजा एका कळपात १०० जनावरं आहेत. ९० टोचलेली, १० न टोचलेली. साथ आली. टोचलेल्यांत दहात एक आजारी पडलं, म्हणजे ९. न टोचलेल्यांत दहात सहा, म्हणजे ६. आता गोठ्यात आजारी जनावरं मोजणारा म्हणेल, १५पैकी ९ तर लस घेतलेलीच आहेत! आकडा खरा आहे, निष्कर्ष साफ उलटा आहे. लसीकरण जितकं जास्त, तितकी आजाऱ्यांमध्ये टोचलेली जनावरं जास्त दिसणार, कारण कळपात मुळात तीच जास्त असतात. प्रश्न ‘आजाऱ्यांत टोचलेली किती’ हा नसून ‘टोचलेल्यांत आजारी किती आणि न टोचलेल्यांत किती’ हा आहे.

लुई पाश्चरला हे नीट ठाऊक होतं. १८८१च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या पुई-ल-फोर इथे त्याने काळपुळीच्या लसीची जाहीर परीक्षा दिली. २४ मेंढ्या, एक बकरी आणि काही गुरं टोचली आणि तितक्याच मेंढ्या व एक बकरी मुद्दाम तशीच ठेवली. मग सगळ्यांना जिवंत काळपुळीचे जंतू दिले. २ जूनला लोक बघायला जमले तेव्हा टोचलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि न टोचलेल्या बहुतेक मेलेल्या होत्या. उरलेल्याही त्याच दिवशी गेल्या. न टोचलेल्या मेंढ्या शेजारी नसत्या, तर त्या दिवसाला काही अर्थ उरला नसता.

आता लस खरोखरच कमी पडते तेव्हाची कारणं पाहू. पहिलं, वेळ. लाळ्या खुरकुताची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात. शेजारच्या गोठ्यात साथ आल्यावर धावपळ करून लस टोचली, तर काही जनावरांच्या अंगात विषाणू आधीच बसलेला असतो. लसीला अँटिबॉडी उभ्या करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात तोंडाला फोड आले की दोष सुईला.

दुसरं, विषाणूचा प्रकार. लाळ्या खुरकुताच्या विषाणूचे ७ सीरोटाइप, म्हणजे अँटिबॉडींना वेगळे दिसणारे प्रकार, आहेत: ओ, ए, सी, एशिया-१ आणि सॅट १, २, ३. यातला सी २००४नंतर जगात कुठे आढळलेला नाही, बाकीचे फिरतायत. ओविरुद्धची प्रतिकारशक्ती एपासून वाचवत नाही. एवढंच काय, ए मधलेच काही उपप्रकार एकमेकांपासून इतके दूर असतात की लसीत कोणता वापरलाय याला फार महत्त्व येतं. म्हणून साथीतले विषाणू सतत गोळा करून लसीतल्या विषाणूशी ताडून पाहावे लागतात. हे कंटाळवाणं काम आहे, पण लस ‘लागते’ की नाही हे तिथेच ठरतं.

तिसरं, लसीची बाटली. लाळ्या खुरकुताच्या लसीतला विषाणू मारलेला असतो, पण त्याचं कवच अखंड असावं लागतं. ते कवच उन्हात तापलं किंवा आम्लाच्या संपर्कात आलं की बारा तुकड्यांत फुटतं. तुकड्यांनी अँटिबॉडी तयार होतात, पण पुरेशा उपयोगाच्या होत नाहीत. ओ प्रकाराचं कवच त्यातही नाजूक. २ ते ८ अंश सेल्सिअसची शीतसाखळी पाळा असं ओरडून सांगतात ते याचसाठी. दुसऱ्या टोकाला, लस गोठली तर तेलातलं मिश्रण फाटतं. बर्फावर थेट ठेवलेली बाटली उन्हात राहिलेल्या बाटलीइतकीच वाया जाऊ शकते. बाहेरून मात्र ती लसच दिसते.

चौथं, डोस. मारलेल्या विषाणूची लस एकदा टोचून वर्ष निघत नाही. पहिल्यांदा लस घेणाऱ्या वासराला महिन्याभराने दुसरा डोस हवा, पुढे साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. मेसेज लिहिणाऱ्याच्या ओळखीतल्या जनावराला शेवटची लस कधी दिली होती, हे त्यात कुठेच नाही.

‘लसीमुळेच रोग होतो, दूध आटतं, जनावर गाभडतं’

दुधापासून सुरू करू. लस टोचल्यावर एक-दोन दिवस अंग तापतं, चारा कमी खाल्ला जातो, दूध थोडं उतरतं आणि मग पूर्ववत होतं. मानेवर गाठ येते, ती सावकाश विरते. हे मान्य. पण ज्या रोगाची लस, त्याने काय होतं तेही पाहा. लाळ्या खुरकूत होऊन गेलेल्या गाईचं त्या वेताचं दूध बहुधा परत चढत नाही, सडांवरच्या फोडांमागोमाग कासदाह येतो, काही जनावरं पुढे उन्हाळाभर धापा टाकत राहतात. लहान वासरांत विषाणू हृदयाच्या स्नायूवर जातो आणि वासरू तोंडात एकही फोड नसताना दूध पिता पिता मरतं.

‘लसीने रोग होतो’ याची तपासणी करता येते, हे फार लोकांना माहीत नसतं. लस बनवताना विषाणूची कवचाबाहेरची प्रथिनं गाळून काढलेली असतात. ती प्रथिनं तयार होतात ती फक्त जिवंत विषाणू पेशीत वाढत असताना. म्हणून नुसती लस घेतलेल्या जनावराच्या रक्तात फक्त कवचाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात, खरी लागण झालेल्याच्या रक्तात त्या दुसऱ्या प्रथिनांविरुद्धच्याही. इलायझा या रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीत फरक कळतो. (वारंवार लसी घेतलेल्या जनावरांत कधी कधी ही रेषा पुसट होते, म्हणून निष्कर्ष एका जनावरावरून न काढता कळपावरून काढतात.)

लसींचा इतिहास मात्र निष्कलंक नाही, आणि ते लपवून मेसेजला उत्तर देणं मला पटत नाही. १९८०च्या दशकात युरोपातल्या लाळ्या खुरकुताच्या काही उद्रेकांचं मूळ नीट न मारलेल्या विषाणूच्या लसीत सापडलं होतं. त्यानंतर विषाणू मारायला वापरलं जाणारं फॉर्मेलिन मागे पडलं आणि विषाणू मारण्याची जास्त खात्रीची पद्धत रूढ झाली. २०१७मध्ये रशियात लम्पीचा एक सरमिसळ झालेला विषाणू आढळला. पुढे जनुकीय तपासणीत त्याचा माग एका जिवंत लसीपर्यंत लागला, जिच्या बाटल्यांत एकाहून जास्त विषाणू मिसळलेले होते. यातून लस घेऊ नये असं निघत नाही. लसीची प्रत्येक बॅच तपासली जावी, हे मात्र निघतं, आणि पशुपालकाने तेवढं ठणकावून मागावं.

गाभडण्याचंही तसंच. सांसर्गिक गर्भपाताविरुद्धची, म्हणजे ब्रुसेलोसिसची एस-१९ ही लस जिवंत जिवाणूची आहे. १९२३मध्ये जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून हा जिवाणू वेगळा केला. तो प्रयोगशाळेत वर्षभराहून जास्त काळ तसाच पडून राहिला आणि नंतर पाहतात तर त्याचा जहालपणा गेलेला. ही लस गाभण गाईला पूर्ण मात्रेत दिली तर गर्भपात होऊ शकतो. म्हणूनच ती ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात, गोऱ्ह्यांना देत नाहीत, आणि टोचणाऱ्याने हातमोजे-चष्मा घालायचा असतो, कारण सुई स्वतःला लागली तर माणसाला आजार होतो. एका लसीचा हा नियम मेसेजने सगळ्या लसींवर लावून टाकलाय.

बाकी बऱ्याच वेळा योगायोग असतो. मोठ्या कळपात रोज कुठली ना कुठली गाय गाभण असते, आणि लस असो वा नसो, त्यातल्या काही गाभडतातच. पाश्चरच्या टोचलेल्या मेंढ्यांपैकी एक गाभण मेंढी दुसऱ्या दिवशी मेली. शवविच्छेदनात तिच्या पोटातलं पिल्लू आधीच मेलेलं निघालं. ते उघडून पाहिलं नसतं, तर त्या मेंढीचा मेसेज आजही फिरत असता.

आणि गाभडलेल्या गाईच्या बाबतीत संशय घ्यायचाच तर आधी खुद्द ब्रुसेलाचा घ्यावा. शेवटच्या तीन महिन्यांत वार आणि गर्भ यांच्याभोवती एरिथ्रिटॉल नावाची साखर साठते, आणि हा जिवाणू तिच्यावर अक्षरशः माजतो. गाय गाभडली, कारण लस टोचली की कारण वेळेवर टोचली नव्हती, हे वार आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय कोणी सांगू नये.

‘वासराला सगळं आईकडून मिळतं’

मिळतं, पण पोटात असताना नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची रचना अशी आहे की आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात त्या जवळपास नसतातच. ते सगळं येतं चिकातून, आणि तेही वासराच्या आतड्याची दारं उघडी असेपर्यंत. अख्खी अँटिबॉडी आतड्यातून रक्तात शिरू शकते ती पहिल्या २४ तासांत. त्यातही पहिल्या सहा तासांनंतर हे शोषण भराभर घटतं. ‘वार पडल्यावर चीक पाजा’ असंही मेसेजमध्ये आहे. वार पडायला आठ-दहा तास लागले, तर तेवढ्यात वासराने आपला सर्वात मोलाचा वेळ गमावलेला असतो. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे ३ लिटर, पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे. तो पाजला की वार अडकते, हा समज निराधार आहे. उलट वासरू लुचायला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते.

आई देईल तेही आईकडे असलं पाहिजे. ज्या रोगाविरुद्ध आईच्या रक्तात अँटिबॉडी नाहीत, त्या चिकात कुठून येणार? म्हणून वासरांच्या हगवणीचे रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस आणि ई. कोलाय यांच्या लसी आईला देतात, गाभणकाळाच्या शेवटी. शिवाय हे दान उसनं असतं. काही आठवड्यांत ते निम्म्यावर येतं आणि काही महिन्यांत संपतं. गंमत अशी की तोपर्यंत हेच दान वासराच्या स्वतःच्या लसीला आड येतं, कारण आईच्या अँटिबॉडी लसीतला विषाणू वासराच्या पेशींनी ओळखण्याआधीच बांधून टाकतात. लसीचं वय ठरवताना ही कसरत असते. फार लवकर टोचली तर वाया, फार उशीर केला तर मधल्या काळात वासरू उघडं.

‘रोग होऊन गेला की जनावर पक्कं, साथ येऊ द्या’

बुळकांडीबाबत हे खरं होतं. वाचलेलं जनावर जन्मभर सुरक्षित राही, विषाणूचा सीरोटाइप एकच होता आणि तो अंगात दडून राहत नसे. याच तीन गोष्टींमुळे लसीने तो संपवता आला. केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशीसंवर्धनात बनवलेली लस, पुढे उष्णता सोसणारा तिचा सुधारित प्रकार, २००१मधला शेवटचा उद्रेक आणि २०११मध्ये रोग जगातून गेल्याची घोषणा. माणसाच्या देवीनंतर जगातून निपटून काढलेला हा दुसरा रोग. तो साथ येऊ देऊन संपला नाही, टोचून संपला.

लाळ्या खुरकुतात यातलं काहीच लागू नाही. प्रकार सात, प्रतिकार अल्पकाळाचा, आणि बरं झालेलं जनावर घशाच्या मागच्या भागात विषाणू महिनोन्महिने, कधी काही वर्षं बाळगू शकतं. थायलेरियातून उठलेलं जनावरही वाहक राहतं आणि नव्या गोचिडांना लागण देत राहतं.

सगळ्यात चक्रावून टाकणारं उदाहरण बोवाइन व्हायरल डायरिया या गुरांच्या विषाणूरोगाचं आहे. गाभणकाळाच्या पहिल्या चार महिन्यांत हा विषाणू गर्भात शिरला, तर घडत असलेली रोगप्रतिकार यंत्रणा त्याला आपलाच समजते. वासरू जन्मभर विषाणूने भरलेलं राहतं, त्याविरुद्ध एकही अँटिबॉडी बनवत नाही, आणि कधी कधी दिसायला पूर्ण धडधाकट असतं. नुसती अँटिबॉडीची चाचणी केली तर अहवाल येतो ‘नाही’, आणि मालक त्याला कळपातलं सर्वात निरोगी जनावर समजतो. ते शोधायला विषाणूच शोधावा लागतो, बहुधा कानाच्या छोट्या तुकड्यातून.

‘शेवटी अँटिबायोटिक आहेच’

लाळ्या खुरकूत, लम्पी आणि शेळ्या-मेंढ्यांना होणारा पीपीआर हे विषाणूंचे रोग. १८९८मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवलं होतं की लाळ्या खुरकुताचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार जातं. अँटिबायोटिक त्याला शिवतही नाही, फक्त जखमांत नंतर शिरलेल्या जिवाणूंवर चालतं. घटसर्प आणि काळपुळी जिवाणूंचे आहेत, तिथे औषध लागू पडतं, पण जनावर सकाळी चरताना दिसतं आणि संध्याकाळी मरून पडलेलं असतं. सुई भरायला वेळ कुठे मिळतो?

आणखी एक बारकावा. काळपुळीची प्रचलित स्टर्न लस जिवंत, पण निरुपद्रवी केलेल्या जिवाणूच्या बीजाणूंची असते. ‘दुहेरी संरक्षण’ म्हणून लसीबरोबर किंवा तिच्या आगेमागे पेनिसिलिन दिलं, तर ते लसीतलेच जिवाणू मारतं आणि जनावर कोरं राहतं. आणि काळपुळीच्या भागात अचानक मेलेल्या, नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त येणाऱ्या जनावराला कापून पाहू नये. हवा लागली की त्यातले जंतू बीजाणू बनतात आणि ते जमिनीत दशकानुदशकं टिकतात. कानाच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला की निदान होतं. तेही डॉक्टरला बोलावून, त्याच्या हातून.